मागून येणाऱ्या सायकलचं गणित

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल ते बाथ या सुमारे २१ किलोमीटरच्या वाटेवर एकेकाळी आगगाड्या धावत. १९७९ ते १९८६ या काळात रूळ गेलेल्या जागेवर पक्की वाट बांधली गेली. आता तिथे सायकलस्वार, पायी फिरणारे आणि कुत्री फिरवणारे अशा सगळ्यांचीच वर्दळ असते.

ताशी २० किलोमीटरने जाणारी सायकल सेकंदाला साडेपाच मीटर कापते. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातोच, म्हणजे तेवढं अंतर गेलं. कोरड्या वाटेवर थांबायला आणखी पाचेक मीटर लागतात. वेग निम्मा केला की हेच एकूण अंतर जेमतेम चार मीटरवर येतं. शिवाय धडक झालीच, तर सायकलची गतिज ऊर्जा चौपटीने कमी असते.

मग घंटी कशाला आहे, वेग कशाला कमी करायचा, असं कुणी म्हणेल. पण आवाज डावीकडचा की उजवीकडचा, हे मेंदू ओळखतो ते दोन्ही कानांना तो किंचित मागेपुढे ऐकू येतो म्हणून. थेट पाठीमागचा आवाज दोन्ही कानांत एकदमच पोचतो. चालणारा गोंधळतो, मान वळवतो आणि बरेचदा पाऊलही त्याच बाजूला टाकतो, कधीकधी नेमकं सायकलसमोर! म्हणून घंटी २०-२५ मीटर आधी वाजवावी. चालणाऱ्याला पाचेक सेकंद मिळतात. तो वळला नाही, तर त्याला ऐकू येत नसेल असं धरून वेग कमी करावा. मागून येऊन कुणाच्या जवळून किंवा वेगात जाऊ नये, असं ब्रिटनच्या ‘हायवे कोड’चा, म्हणजे तिथल्या रस्त्याच्या नियमावलीचा, ६३ वा नियमही सांगतो. माझ्या मते इथे जास्त जबाबदारी सायकलस्वाराचीच आहे, कारण वेग त्याच्या हातात असतो.

कुत्र्याची गोष्ट वेगळी. त्याची नजर हालचाल चटकन टिपते आणि पळती वस्तू दिसली की अनेक कुत्र्यांना पाठलागाची ऊर्मी येते. त्यात आपोआप गुंडाळला जाणारा पट्टा फार घातक. कुत्रं एका कडेला हुंगतंय, मालक दुसऱ्या कडेला, आणि मधे गुडघ्याच्या उंचीवर ताणलेली बारीक दोरी तिन्हीसांजेला दिसतही नाही. ती चाकात अडकली तर स्वार आपटतो आणि कुत्र्याच्या मानेला जबर हिसका बसतो. सामायिक वाटेवर पट्टा आखूडच हवा, हे त्याच ‘हायवे कोड’च्या ५६ व्या नियमात आहे. बटण दाबून दोरी रोखावी आणि कुत्र्याला वाटेच्या कडेच्या बाजूने चालवावं. सायकलस्वारानेही, मालकाने कुत्रं जवळ ओढून घेतलेलं दिसेपर्यंत पेडल मारणं थांबवून बोटं ब्रेकवर ठेवावीत.