बालआरोग्य संशोधन दिन

बालआरोग्य संशोधन दिन : विद्यापीठाचा बालरोग विभाग आणि त्याला जोडलेले बालरुग्णालय किंवा संशोधनसंस्था यांच्या वतीने साधारणतः वर्षातून एकदा भरणारे संशोधन-संमेलन. विद्यार्थी, निवासी डॉक्टर, परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि प्रयोगशाळेतील संशोधक यांनी बालकांच्या आरोग्याविषयी केलेले काम या दिवशी भित्तिपत्रके (बोलीत ‘पोस्टर’) आणि छोटी भाषणे यांतून मांडले जाते. व्यावसायिक संघटनांच्या वार्षिक परिषदांहून हा दिवस वेगळा असतो. परिषदेत बाहेरच्या तज्ज्ञांपुढे पुरे झालेले काम न्यावे लागते. येथे अर्ध्यावर आलेला अभ्यासही चालतो आणि ऐकणारे बहुतेक त्याच संस्थेतले असतात. नावात ‘दिन’ असला तरी कार्यक्रम एका दिवसाचाच असतो असे नाही. कॅनडातील विनिपेग येथे मॅनिटोबा विद्यापीठाच्या परिवारात होणाऱ्या अशा संमेलनाच्या नावातच ‘डेज’ असे अनेकवचन आहे.

या प्रथेच्या उगमाकडे जाणारे दोन धागे दाखवता येतात. पहिला बालरोगतज्ज्ञांच्या विद्वत्संघटनांचा. अमेरिकन पेडिॲट्रिक सोसायटी १८८८ मध्ये स्थापन झाली. सोसायटी फॉर पेडिॲट्रिक रिसर्च ही तुलनेने तरुण संशोधकांची संघटना १९२९ मध्ये उभी राहिली. नवोदितांनी आपले काम ज्येष्ठांपुढे मांडायचे हा शिरस्ता अशा संघटनांत रुळला आणि तेथून तो विद्यापीठीय विभागांत आला, अशी मांडणी करता येते. दुसरा धागा भित्तिपत्रकाचा. वैद्यकीय अधिवेशनांत तक्ते, नमुने आणि छायाचित्रे यांची प्रदर्शने त्याआधीही भरत. परंतु संशोधकाने स्वतः फलकाशेजारी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याशी चर्चा करायची, या आजच्या अर्थाने भित्तिपत्रक-सत्राचा आरंभ सामान्यतः १९६९ मध्ये माद्रिद येथे झालेल्या युरोपीय जीवरसायनशास्त्र संघटनांच्या महासंघाच्या सहाव्या बैठकीपासून मानतात. मिनिआपोलिस येथील १९७४ च्या जीवरसायन व जीवभौतिकी परिषदेचाही उल्लेख आरंभ म्हणून येतो, पण तो अमेरिकेपुरता धरणे योग्य. दोहोंपैकी दुसरा धागा अधिक बळकट वाटतो. त्याचे कारण साध्या हिशेबात आहे. दहा मिनिटांचे भाषण आणि पाच मिनिटांची प्रश्नोत्तरे धरली, तर सहा तासांत जेमतेम चोवीस जणांना संधी मिळते. फलक मात्र एकाच सभागृहात शंभरही लागतात. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही जागा देणारा आजचा संशोधन दिन त्यामुळे १९७० च्या दशकाआधी या स्वरूपात असणे कठीण होते.

तयारी काही महिने आधी सुरू होते. दोन-तीनशे शब्दांचा सारांश मागवला जातो. परीक्षकांकडे तो पाठवताना लेखकांची नावे झाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. निवडक सारांशांना भाषणाची वेळ मिळते, उरलेल्यांना फलक. फलकासाठी सर्रास वापरला जाणारा ए-शून्य आकार ८४.१ × ११८.९ सेंमी. असतो. पूर्वी कागद चिकटवून तो तयार करत. भारतात आता फ्लेक्सवर छापून गुंडाळी करून आणतात. २०१९ पासून मधोमध एकच निष्कर्ष मोठ्या अक्षरांत आणि तपशील कडेला, ही मांडणी पसरली आहे. दूरवरून वाचता येते हा तिचा गुण. कार्यपद्धतीचा भाग आक्रसतो हा दोष.

दिवसाचे खरे मोल फलकापुढच्या तीन-चार मिनिटांत असते. कुपोषणाचा साधा विषय घ्यावा. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंमी. पेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषणाचे लक्षण मानतात. मोजपट्टीवर तेवढा भाग लाल असतो. विद्यार्थिनी टक्केवारीचा आलेख दाखवू लागते. परीक्षक आलेखाकडे न बघता विचारतो : दंडाचा मध्य कसा ठरवला? खांद्याच्या हाडाचे टोक आणि कोपराचे टोक यांच्यातील अंतराचा मध्यबिंदू, हात बाजूला सैल सोडलेला, माप डाव्या दंडाचे, असे उत्तर येते. मग दुसरा प्रश्न : एकाच मुलाला दोघींनी मोजले तेव्हा फरक किती आला? पट्टी किंचित आवळली किंवा सैल राहिली की दोन मिलिमीटर सहज इकडचे तिकडे होतात आणि तेवढ्यावर एखादे मूल उपचाराच्या यादीत येते किंवा यादीबाहेर राहते. मोजमापाची ही शिस्त पाठ्यपुस्तकापेक्षा अशा उभ्या-उभ्या झालेल्या संवादातून पक्की बसते.

बालकांवरील संशोधनाची आणखी एक बाजू प्रौढांच्या संशोधनात नसते. मूल स्वतः कायदेशीर संमती देऊ शकत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीखेरीज सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि त्यापुढे अठरा वर्षांपर्यंत लेखी होकार घ्यावा लागतो. दीर्घकाळ चालणाऱ्या अभ्यासात मूल सज्ञान झाल्यावर त्याला नव्याने विचारावे लागते. संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या नीतिसमितीची मान्यता नसलेला सारांश बहुतेक ठिकाणी पहिल्याच फेरीत परत जातो. फलकावर मुलाचे छायाचित्र लावण्याआधी त्यासाठी वेगळी परवानगी हवी. डोळ्यांवर काळी पट्टी ओढली की भागते, ही समजूत चुकीची आहे : गावातल्या माणसाला मूल तेवढ्यावरही ओळखू येते.

विनिपेगसारख्या ठिकाणी असा दिवस रुजला, याला तेथील संशोधनाची परंपरा कारणीभूत दिसते. १९४४ मध्ये बालरोगतज्ज्ञ ब्रूस चाउन यांनी तेथे आर-एच (रक्तगटाचा एक घटक) प्रयोगशाळा स्थापन केली. आई व गर्भ यांच्या रक्तगटांतील विसंगतीमुळे नवजातांचा बळी घेणाऱ्या विकाराच्या प्रतिबंधात तिचा वाटा मोठा आहे. उत्तर मॅनिटोबातील मूलनिवासी मुलांत दुसऱ्या प्रकारचा (‘टाइप २’) मधुमेह आढळत असल्याच्या नोंदी १९८० च्या दशकापासून पुढे आल्या. तोवर हा आजार मोठ्यांचा समजला जाई. कॅनडात २०११ पासून रुग्णाभिमुख संशोधनाचे राष्ट्रीय धोरण आहे आणि संशोधनाचे प्रश्न ठरवतानाच रुग्णांना व कुटुंबांना सामील करावे, यावर त्याचा भर आहे.

महाराष्ट्रात केवळ बालआरोग्याला वाहिलेल्या दिवसापेक्षा सर्व विषयांचा एकत्र संशोधन दिन किंवा संघटनेच्या शाखेची परिषद हे रूप अधिक परिचयाचे आहे. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स १९६३ मध्ये स्थापन झाली. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ चे. पदवी विद्यार्थ्यांसाठी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची दोन महिन्यांची अल्पकालीन छात्रवृत्ती १९७९ पासून दिली जाऊ लागली. राज्यातील विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ स्पर्धेत वैद्यक व औषधनिर्माण हा स्वतंत्र गट आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याने एक भित्तिपत्रक व एक निबंध सादर करावा आणि एक शोधनिबंध प्रकाशनासाठी पाठवावा, असा नियम तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने केला होता. त्यामुळे फलकांची संख्या वाढली. परीक्षेला बसता यावे म्हणून केलेले काम आणि प्रश्नाने अस्वस्थ होऊन केलेले काम यांतला फरक मात्र फलकासमोर उभे राहिले की लगेच कळतो.

सादर झालेल्या कामाचे पुढे काय होते, हा या विषयातील सर्वांत गंभीर प्रश्न. परिषदांत मांडलेल्या ३,०७,०२८ सारांशांचा मागोवा घेणाऱ्या ४२५ अहवालांचे परीक्षण कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानुसार केवळ ३७.३ टक्के काम पूर्ण निबंध म्हणून छापले गेले, आणि अनुकूल निष्कर्ष छापले जाण्याची शक्यता जास्त होती. उपचाराचा उपयोग झाला नाही, हा निष्कर्षही तितकाच मोलाचा असतो; तो गुंडाळीत राहिला, तर दुसऱ्या गावातल्या मुलाला त्याच प्रयोगासाठी पुन्हा सुई टोचावी लागते.

याच्या उलट उदाहरण विद्यापीठाबाहेरचे, गडचिरोलीचे आहे. १९८६ मध्ये अभय व राणी बंग यांनी सुरू केलेल्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूतांकरवी नवजातांची घरीच काळजी घेतली व ४७ गावांशी तुलना केली. नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट झाल्याचा निबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि २०११ मध्ये घरी जाऊन नवजातांची काळजी घेण्याचे काम देशभर आशा कार्यकर्तींकडे सोपवले गेले. येथे निष्कर्ष ज्या घरांतून आला, त्याच घरांत परत गेला. संशोधन दिनांत हा दुवा बहुधा तुटलेला असतो. आईने सही केलेले किंवा अंगठा उमटवलेले संमतीपत्र मराठीत असते, तर तिच्या मुलाविषयीचा फलक इंग्रजीत. काही देशांत सारांशासोबत सोप्या भाषेतले चार ओळींचे टिपण मागतात. तशी अट आपल्याकडे घालायला खर्च येत नाही, आणि संमतीपत्रावर घराचा पत्ता नोंदलेला असेल, तर ते टिपण पाठवताही येते.