उन्हाळी टायरची परीक्षा पावसात

जर्मनीत नोकरीला असलेल्या मराठी माणसाला टायरचं वेळापत्रक पाठ असतं. ऑक्टोबर आला की हिवाळी टायर चढवायचे, ईस्टर आला की ते उतरवून उन्हाळी लावायचे. जर्मन भाषेत ऑक्टोबर आणि ईस्टर या दोन्हींची नावं ‘ओ’ने सुरू होतात, म्हणून तिथे ‘ओ ते ओ’ असा ठोकताळाच पडून गेला आहे. पुण्या-नागपुरात ही यातायात नाही. इथल्या दुकानांत कारसाठी मिळणारा जवळजवळ प्रत्येक टायर उन्हाळीच असतो, फक्त त्याला कुणी तसं म्हणत नाही. उन्हाळी आणि हिवाळी रबराची सीमारेषा साधारण 7 अंश सेल्सिअसला मानतात, आणि आपल्याकडे निफाडचा पारा त्याखाली उतरला की त्याची बातमी होते.

त्यामुळे व्हर्टस जीटी, स्लाव्हिया किंवा आय20 एन लाइनसारखी चपळ गाडी बाळगणाऱ्याने दुकानात जाऊन ‘उन्हाळी टायर दाखवा’ म्हणण्यात काही हशील नाही. पाहायचं ते ‘हाय परफॉर्मन्स’ या दोन शब्दांत खरोखर काय दडलंय ते. महाराष्ट्रात त्याचा कस मे महिन्यात लागत नाही, जुलैत ताम्हिणी किंवा आंबोली घाट उतरताना लागतो.

पोस्टकार्डाएवढी जागा

चालकासकट 1300 किलोची गाडी धरा. इंजिन पुढे, म्हणून 60 टक्के वजन पुढच्या चाकांवर, म्हणजे एकेका चाकावर 390 किलो. टायरमध्ये हवा 33 पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण 2.3 किलो. भागाकार केला की 170 चौरस सेंटिमीटर येतात. टपाल खात्याचं पोस्टकार्ड 14 बाय 9 सेंटिमीटरचं, म्हणजे 126 चौरस सेंटिमीटर. मागच्या चाकांखाली तर तेवढंही भरत नाही. वेग, ब्रेक, वळण, सगळा कारभार या चार चतकोरांवर चालतो.

तिथे रबर रस्त्याला दोन तऱ्हांनी धरतं. पहिली तऱ्हा चिकटण्याची. रबराचे आणि खडीचे रेणू एकमेकांच्या अगदी जवळ आले की त्यांच्यात ओढ निर्माण होते. कोरड्या, स्वच्छ रस्त्यावर ही पकड जबरदस्त असते, पण पाण्याचा पापुद्रा मध्ये आला की ढिली पडते. दुसरी तऱ्हा जास्त मजेशीर आहे. खडीच्या टोकावरून सरकताना रबर दबतं आणि पुन्हा मूळ आकारात यायला जरा वेळ लावतं. टोकाच्या पुढच्या अंगाला ते जोरात रेटतं, मागच्या अंगाला वेळेवर पोहोचत नाही. या तफावतीतून गाडीला थोपवणारं बल तयार होतं, आणि दाबण्यात गेलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते. याला हिस्टेरेसिस म्हणतात. ओल्या रस्त्यावर आपली मदार मुख्यतः यावरच.

मग ऊर्जा जास्तीत जास्त गिळणारं रबर वापरलं की झालं! पण तसं केलं तर टायर नुसता फिरतानाही ऊर्जा गिळत राहणार: तापणार, झिजणार, पेट्रोल पिणार. या पेचातून सुटका होते ती कंपनसंख्येमुळे. 16 इंची चाकाच्या टायरचा परीघ सुमारे 2 मीटर. ताशी 100 किलोमीटर वेगाने चाक सेकंदाला 14 वेळा फिरतं, म्हणजे रबराचा प्रत्येक ठोकळा सेकंदाला 14 वेळा दबतो आणि सुटतो. ब्रेक मारल्यावर मात्र तोच ठोकळा खडीच्या बारीक खरखरीवरून घसटत जातो आणि त्याच्या पृष्ठभागाला सेकंदाला हजारो, कधी लाखभर ठोके बसतात. रबराचा एक विचित्र गुण असा की ठोके फार जलद पडले की ते थंड असल्यासारखं वागतं. म्हणून प्रयोगशाळेत रबराचा तुकडा दोन तापमानांना तपासतात. 0 अंशाला तो किती ऊर्जा गिळतो यावरून ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा अंदाज येतो, तर 60 अंशाला किती गिळतो यावरून फिरतानाच्या नुकसानीचा. 0 अंशाला अधाशी आणि 60 अंशाला मिताहारी असं रबर हवं.

निव्वळ काजळी मिसळलेल्या काळ्या रबराला हे नीट जमत नव्हतं. 1992 मध्ये मिशेलिनने काजळीची बरीचशी जागा सिलिकाला देणारा टायर बाजारात आणला. सिलिका म्हणजे वाळूचाच रासायनिक भाऊबंद. रबराशी त्याचं मुळात जुळत नाही, म्हणून सिलेन नावाचं रसायन दोघांना बांधून ठेवतं. आज चांगल्या स्पोर्ट टायरची ओल्यातली पकड याच त्रिकुटाच्या जिवावर आहे.

टायर चांगला असल्याने प्रत्यक्षात किती फरक पडतो? ओल्या रस्त्यावर एका टायरचा घर्षणांक 0.7 आणि दुसऱ्याचा 0.6 धरू. ताशी 100 वरून पहिली गाडी 56 मीटरवर थांबेल, दुसरी 65 मीटरच्या पुढे. नऊ मीटर, म्हणजे दोन गाड्यांची लांबी. पण खरा आकडा वेगळाच आहे. पहिली गाडी जिथे उभी राहिली त्या जागेवरून दुसरी अजून ताशी 38 किलोमीटर वेगाने पुढे जात असेल. समोर ट्रकचा मागचा भाग असेल, तर हाच आकडा महत्त्वाचा.

पाण्यावर तरंगणारी गाडी

रबर कितीही उत्तम असलं, तरी आधी ते रस्त्याला टेकलं पाहिजे. साचलेल्या पाण्यात टायर पुढचं पाणी बाजूला सारत धावतो. ते सारायला वेळ पुरेनासा झाला की टायर पाण्यावर चढतो आणि स्टिअरिंग एकदम हलकं होतं. नासाचे संशोधक वॉल्टर हॉर्न यांनी 1960 च्या दशकात विमानांच्या टायरवर अभ्यास करून यासाठी एक सोपं सूत्र दिलं: हवेच्या दाबाचं (पीएसआयमध्ये) वर्गमूळ काढा आणि 10.35 ने गुणा, म्हणजे टायर पाण्यावर चढण्याचा वेग ताशी मैलांत मिळतो. ते गुळगुळीत टायर आणि भरपूर पाणी यांसाठी आहे, नव्या नक्षीच्या टायरला तंतोतंत लागू नाही, पण त्यातून कल समजतो. मैलांचे किलोमीटर केले की 33 पीएसआयला उत्तर येतं ताशी 96 किलोमीटर. हवा 25 वर उतरली तर 83. निव्वळ हवा न तपासल्याने ताशी 13 किलोमीटरचं संरक्षण गेलं.

नक्षीच्या खोल चऱ्या या पाण्याला वाट काढून देतात. नव्या टायरला साधारण 7-8 मिलिमीटर खोली असते. 1.6 मिलिमीटरवर चऱ्यांमधले उंचवटे नक्षीच्या पातळीला येतात आणि कायद्याने टायर बाद होतो. आमच्या मते चपळ गाडीचा टायर 3 मिलिमीटरवर आला की पावसाळ्यापूर्वीच बदलावा. खोली मोजायचं साधन शे-दोनशे रुपयांत मिळतं. बाहेरच्या कडेला, मध्ये आणि आतल्या कडेला अशी तीन ठिकाणी खोली मोजा. मधला भाग जास्त गेला असेल तर हवा जास्त राहिली, दोन्ही कडा गेल्या असतील तर कमी. फक्त आतली कडा खाल्लेली दिसली तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, बिघडलीय. ती दुरुस्त न करता नवा टायर घालणं म्हणजे त्यालाही त्याच वाटेने पाठवणं.

रुंद टायरचा मोह

16 इंची गाडीला 17 इंची अलॉय लावायचे हा अनेकांचा पहिला बेत असतो. आधी गणित करा. 205/55 आर16 म्हणजे रुंदी 205 मिलिमीटर, साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची त्याच्या 55 टक्के, म्हणजे सुमारे 113 मिलिमीटर, आणि रिम 16 इंच. पूर्ण व्यास 632 मिलिमीटर. 225/45 आर17 चा व्यास 634, फरक अर्ध्या टक्क्याहून कमी, म्हणून स्पीडोमीटर आणि एबीएस दोन्ही खूश. 215/50 आर17 घेतला तर व्यास 647 होतो, फरक 2.4 टक्के. टायर रिममध्ये बसला म्हणून गाडीला जुळला असं नाही: 225/45 आर17 ला रिमची रुंदी 7 ते 8.5 इंच लागते. ऑफसेट, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते माप, चुकला की वळणावर टायर फेंडरच्या आतल्या अस्तराला घासतो.

रुंद टायरने जमिनीवरचं क्षेत्रफळ वाढतं हा समज तितकासा खरा नाही. वजन तेच, हवा तीच, मग क्षेत्रफळही जवळपास तेच. बदलतो तो आकार: लांबट पट्टा आखूड आणि रुंद होतो. त्यामुळे वळणावर रबर कमी मुरडतं आणि स्टिअरिंगला उत्तर पटकन मिळतं. त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. रुंद टायरला समोरचं जास्त पाणी सारावं लागतं. आणि साइडवॉल 113 वरून 101 मिलिमीटरवर आली की खड्ड्यात रिमची कडा आणि रस्ता यांच्यामध्ये टायर चिमटण्याची शक्यता वाढते. आतले धागे तुटतात आणि साइडवॉलला फुगा येतो. फुगा आलेल्या टायरला इलाज नाही, तो बदलावाच लागतो. म्हणून रोजची वाट खड्ड्यांची असेल तर 16 इंच ठेवावं आणि वाचलेले पैसे वरच्या दर्जाच्या टायरवर घालावेत.

टायरवरचा मजकूर

आकारापुढे ‘91 व्ही’ असं काही असतं. 91 म्हणजे योग्य दाबाला 615 किलो भार, व्ही म्हणजे ताशी 240 किलोमीटर. एच 210, डब्ल्यू 270, वाय 300. समृद्धी महामार्गावर मर्यादा 120 ची असताना 240 कशाला, असं वाटेल. पण हे अक्षर टायर किती उष्णता सोसतो याचंही माप आहे. मे महिन्यात विदर्भात सिमेंटच्या रस्त्यावर, पाच माणसं आणि सामान घेऊन तासन्‌तास धावताना ही शिल्लक कामी येते. कंपनीने दिलेल्या आकड्याच्या आणि अक्षराच्या खाली कधीच जाऊ नये.

अनेक टायरांवर ‘ट्रेडवेअर’ आकडाही असतो: तो जितका मोठा, तितका टायर सावकाश झिजतो. ही अमेरिकी पद्धत. 200 च्या आसपासचे टायर ट्रॅककडे झुकणारे, 300 ते 340 पर्यंतचे खरे स्पोर्ट टायर, त्यापुढचे बहुधा आरामाचे आणि टिकाऊपणाचे. हे ढोबळ मानानेच घ्या, कारण हा आकडा कंपनी स्वतः देते, दोन कंपन्यांचे आकडे काट्यावर तोलता येत नाहीत. त्यापुढचं ‘ट्रॅक्शन एए’ हे अक्षर सरळ रेषेतल्या ओल्या ब्रेकिंगचं, वळणाबद्दल ते काही सांगत नाही. युरोपी लेबल असेल तर पावसाच्या ढगाशेजारचं अक्षर पाहा, ए सर्वांत चांगलं. भारतीय लेबलवरचे ऊर्जाबचतीचे तारे फक्त इंधनाचं सांगतात, पकडीचं नाही. कंपन्यांच्या टायर-मालिकांची नावंही ओळखावीत: मिशेलिनची पायलट स्पोर्ट, ब्रिजस्टोनची पोटेन्झा या स्पोर्टच्या, तर त्यांच्याच प्रायमसी, टुरान्झा आरामाच्या. रोजच्या वापराच्या गाडीला 200 ट्रेडवेअरचा टायर आम्ही सुचवणार नाही. तो तापल्याशिवाय खुलत नाही, आणि नक्षी कमी असल्याने पाण्यात लवकर हात वर करतो.

साइडवॉलवर ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या मजकुराच्या शेवटी टायर कधी बनला हे सांगणारे चार आकडे असतात. ‘2325’ म्हणजे 2025 चा 23 वा आठवडा. स्पोर्ट टायर सावकाश खपतात, त्यातून जून 2020 पासून टायरांच्या आयातीवर निर्बंध आले, त्यामुळे परदेशी मालात जुना साठा निघू शकतो. हवा आणि ओझोन लागून रबर पडल्या पडल्याही कडक होतं. वर्षाहून जुना टायर नव्याच्या भावाने घेऊ नये. चारही टायरांचे आकडे स्वतः वाचावेत, बिलावर विसंबू नये.

चढवताना

दुकानात तिथेच उभं राहावं. स्पोर्ट टायर बहुतेक विषम नक्षीचे असतात: ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर आलीच पाहिजे. बाणाचा टायर असेल तर बाण पुढे फिरण्याच्या दिशेने. साइडवॉलवरचा पिवळा ठिपका टायरची सर्वांत हलकी जागा दाखवतो. तो व्हॉल्व्हशेजारी आणला की बॅलन्सिंगला वजनं कमी लागतात. रबरी व्हॉल्व्ह नवेच घाला. चाकाचे बोल्ट एअर गनने ‘टर्रर्र’ करून सोडून देऊ नयेत, हँडबुकमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने आवळावेत आणि 50-100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

दोनच टायर घेत असाल तर नवे मागे. पुढची चाकं ओढणारी गाडी असली तरी मागेच, दुकानदार काहीही म्हणो. पुढचे टायर पाण्यावर चढले तर गाडी सरळ जाते, पाय उचलला की बहुधा सावरते. मागचे चढले तर शेपूट फिरते, आणि घाटात शेपूट फिरली की सावरायला रस्ता उरत नाही.

हवा सकाळी, गाडी निदान तीन तास उभी असताना मोजावी. तापमान दहा अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड पीएसआयने चढतो. प्रवासात 33 ची हवा 37 दाखवू लागली म्हणून सोडू नका: थंड झाल्यावर ती कमी भरेल. नायट्रोजनसाठी जादा पैसे मोजण्यापूर्वी एवढं लक्षात घ्या की साध्या हवेत तो 78 टक्के असतोच.

पंक्चर नक्षीच्या मधल्या भागात असेल तर टायर उतरवून आतून मशरूम पॅच, म्हणजे छत्रीसारखं दांडीचं ठिगळ, लावून घ्या. बाहेरून भोकात खुपसलेली रबरी स्ट्रिप घरी पोहोचण्यापुरती. साइडवॉलला छेद गेला असेल तर दुरुस्ती नाहीच. आणि नवे टायर पहिले 200-300 किलोमीटर जपून चालवा: साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या रसायनाचा निसरडा थर अजून त्यांच्यावर असतो, आणि तो झिजेपर्यंत महागडा टायरही ओल्या वळणावर घसरतो.