नॉर्डिक देशांनी सामायिक ‘नॉर्मल रेंज’ कशी ठरवली

रक्ताच्या रिपोर्टवर आकड्याशेजारी छापलेली ‘नॉर्मल रेंज’ पूर्वी लॅब आपापल्या सोयीने ठरवत. कुणी पाठ्यपुस्तकातून उचले, तर कुणी रक्तदाते किंवा स्वतःचे कर्मचारी तपासून घेई. १९६९ मध्ये फिनलंडच्या राल्फ ग्रेसबेक आणि निल्स-एरिक सारिस यांनी ‘नॉर्मल’ऐवजी ‘संदर्भ मूल्य’ ही कल्पना मांडली: माणसे कशी निवडली, रक्त कोणत्या स्थितीत घेतले, हे आधी सांगा, मग मर्यादा सांगा. पुढे आंतरराष्ट्रीय क्लिनिकल केमिस्ट्री महासंघाने यावर शिफारशी केल्या. किमान १२० निरोगी व्यक्ती तपासायच्या आणि मधल्या ९५ टक्क्यांची मर्यादा धरायची. म्हणजे धडधाकट माणसांतही विसांतला एक जण रेषेबाहेर पडणारच. रिपोर्टवरचा ठळक आकडा पाहून घाबरणाऱ्याला हे कुणीतरी सांगायलाच हवे.

स्त्रिया आणि पुरुष वेगळे धरायचे, तर एवढी माणसे जमवणे लहान रुग्णालयाच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून एकत्र येणे भाग होते, पण आड येत होती मोजणीच. अल्कलाइन फॉस्फटेज या यकृत आणि हाडांशी संबंधित विकराचेच (एन्झाइमचेच) पाहा. स्कँडिनेव्हियाची शिफारस केलेली पद्धत वेगळे बफर (आम्लता स्थिर राखणारे द्रावण) वापरी आणि त्यामुळे आकडा आंतरराष्ट्रीय पद्धतीपेक्षा बराच चढा येई. रक्त तेच, आकडे दोन. अशा वेळी एकच रेंज छापणे धोक्याचेच.

यातून वाट काढली ‘नोरिप’ म्हणजे नॉर्डिक संदर्भ मर्यादा प्रकल्पाने. डेन्मार्क, फिनलंड, आइसलँड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या १०२ लॅबनी सुमारे ३,००० निरोगी प्रौढांचे रक्त तपासले. माझ्या मते यातली खरी किमया सामायिक सीरमची (सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव). ज्याची मूल्ये संदर्भ पद्धतींनी आधीच पक्की केली होती, असे सीरम प्रत्येक लॅबने या नमुन्यांबरोबरच मोजले, म्हणून कुणाची मोजणी किती सरकते ते उघड झाले. २५ तपासण्यांच्या मर्यादा २००४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. पोटॅशियमला दोन रेंज मिळाल्या: सीरमसाठी ३.६ ते ४.६ आणि प्लाझ्मासाठी (न गोठलेल्या रक्तातला द्रव) ३.५ ते ४.४ मिलिमोल प्रति लिटर. रक्त गोठताना प्लेटलेटमधून पोटॅशियम बाहेर पडते, म्हणून सीरममधला आकडा थोडा वर जातो.

या मर्यादा प्रौढांच्याच होत्या. वाढत्या वयाबरोबर मुलांचे आकडे झपाट्याने बदलतात. त्यांच्यासाठी कॅनडात टोरांटोच्या बालरुग्णालयातून ‘कॅलिपर’ हा स्वतंत्र प्रकल्प उभा राहिला.