आकृती पीएनजी, एसव्हीजी की मर्मेड? वादामागचा इतिहास

सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनमध्ये आकृती कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवायची – पीएनजी (ठिपक्यांचं चित्र), एसव्हीजी (रेघांच्या वर्णनातून उभं राहणारं चित्र) की मर्मेड (लिहिलेल्या मजकुरातून आकृती काढणारं साधन) – यावर टीममध्ये आजही खडाजंगी होते. बोलणं दिसण्यावरून सुरू होतं. पण खरी अडचण येते ती पुढे कधीतरी तीच आकृती बदलायची वेळ आली की.

इंटरनेटचे नियम मांडणाऱ्या आरएफसी नावाच्या दस्तऐवजांनी यावर साधा तोडगा काढला होता. सप्टेंबर १९८१च्या आरएफसी ७९३मध्ये टीसीपी हेडरची (इंटरनेटवरून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याच्या सुरुवातीला लागणाऱ्या माहितीची) आकृती नुसत्या टाइप केलेल्या अक्षरांची आहे: अधिक, वजा आणि उभ्या रेघांचे चौकोन, वर ० ते ३१ बिटांची पट्टी, प्रत्येक ओळीत ३२ बिट. दिसायला ओबडधोबड, पण आजही कुठल्याही टर्मिनलवर जशीच्या तशी उघडते आणि कुठल्याही एडिटरमध्ये दुरुस्त होते. त्या काळातल्या किती ड्रॉइंग फाइल्सबद्दल असं म्हणता येईल?

वेब आल्यावर चित्रं सोपी झाली, पण जिफ या चित्रांच्या फॉरमॅटमधल्या एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशनच्या (फाइल लहान करण्याच्या पद्धतीच्या) पेटंटवर युनिसिस कंपनीने हक्क सांगितला. त्या धास्तीतून १९९६मध्ये पीएनजी प्रमाणित झालं. एसव्हीजी २००१मध्ये आलं; झूम केलं तरी रेघ फाटत नाही, मजकूर शोधता येतो. मात्र इंटरनेट एक्सप्लोररला ते कळायला २०११ची नववी आवृत्ती उजाडली. मधल्या दहा वर्षांत व्हिजिओ या आकृत्या काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढायचं आणि पीएनजी चिकटवायचं, हीच वहिवाट पडली. मूळ फाइल कुणाच्या तरी लॅपटॉपवर. तो माणूस नोकरी सोडून गेला की एक चौकोन वाढवायलाही अख्खी आकृती नव्याने काढा.

याला उतारा म्हणून मजकुरातून आकृती काढण्याची जुनी कल्पना पुन्हा वर आली. बेल लॅब्जमधलं पिक आणि एटी अँड टीचं ग्राफव्हिझ हे तिचे पूर्वज. मग २००९मध्ये प्लँटयूएमएल, २०१४मध्ये मर्मेड. मर्मेडमध्ये 'अ --> ब' एवढं लिहिलं की बाण तयार, आणि गिटच्या (फाइलींमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाच्या) डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या आवृत्तीच्या तुलनेत, नेमकी बदललेली ओळ दिसते. फेब्रुवारी २०२२पासून कोड ठेवायची वेबसाइट गिटहब मर्मेड थेट दाखवू लागली, तेव्हा पारडं बरंच झुकलं. चौकोन कुठे बसवायचा हे मात्र मर्मेडच ठरवतं. चौकोन वाढले की बाणांचा गुंता होतो, तिथे मला अजूनही हाताने काढलेलं एसव्हीजीच बरं वाटतं.

आरएफसींनीही २०१६मध्ये एसव्हीजीला वाट दिली, तीही फक्त काळ्या-पांढऱ्या रंगात. लेखक एकाच आकृतीची दोन रूपं देऊ शकतो: एचटीएमएलमध्ये एसव्हीजी, साध्या मजकुरात तेच जुने अधिक-वजाचे चौकोन.