आर्थिक निःसारणाचा सिद्धांत

ब्रिटिश अमलात हिंदुस्थानच्या महसुलाचा मोठा भाग मोबदल्याविना दरवर्षी इंग्लंडला जात राहिला आणि देशाचे दारिद्र्य प्रामुख्याने त्यातून ओढवले, असे प्रतिपादन करणारा सिद्धांत. वसाहतवादाच्या आर्थिक चिकित्सेतील हा एक आद्य विचार होय.

सिद्धांताचे जनकत्व सामान्यतः दादाभाई नौरोजींकडे (१८२५–१९१७) दिले जाते. २ मे १८६७ रोजी लंडनच्या ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे वाचलेल्या निबंधात, महसुलाचा जवळजवळ चौथा हिस्सा देशाबाहेर जातो, असे त्यांनी मांडले. मात्र १८४१ मध्येच भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी ‘ए हिंदू’ या टोपणनावाने ‘बॉम्बे गॅझेट’ला लिहिलेल्या पत्रांत, पेंढाऱ्यांच्या लुटीपेक्षा इंग्रजांच्या व्यापारपद्धतीने देश अधिक नागवला, असे बजावले होते. रामकृष्ण विश्वनाथ यांचे १८४३ चे मराठी पुस्तक आणि भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मधील लोकहितवादींची शतपत्रे (१८४८–५०) यांतही परकीय सत्तेमुळे आलेल्या दारिद्र्याचा विचार आहे. या लेखनाकडे इतिहासकार ज. वि. नाईक यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले. आकडेवारीअभावी त्याला सिद्धांत म्हणावे काय, अशी शंका घेता येते. तथापि परकीय सत्ता आणि दारिद्र्य यांतील कार्यकारणभाव तेथे स्पष्टपणे आला आहे. तेव्हा दादाभाईंचे मोठेपण तो आकड्यांनी सिद्ध करण्यात मानणे अधिक सयुक्तिक दिसते. इंग्रजी संदर्भग्रंथांवर विसंबलेल्या नोंदींतून ही मुंबईकर मंडळी गळतात, ही उणीव भरून निघायला हवी.

निःसारणाचे स्वरूप काळानुसार बदलले. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी (महसूलवसुलीचा हक्क) मिळाल्यावर ईस्ट इंडिया कंपनी तेथल्याच महसुलातून निर्यातीचा माल खरेदी करू लागली. म्हणजे विणकराला मिळणारी किंमत रयतेच्याच करातून येई. १८५८ नंतर ‘होम चार्जेस’, म्हणजे हिंदुस्थानच्या महसुलातून इंग्लंडमध्ये भागवावयाची देणी, वाढले : कर्जावरील व्याज, रेल्वे कंपन्यांना हमी दिलेला परतावा, निवृत्तिवेतने, इंडिया ऑफिसचा (भारतमंत्र्याच्या लंडनमधील कचेरीचा) खर्च. ब्रिटिश सरकारचा भारतमंत्री लंडनमध्ये कौन्सिल बिले (हिंदुस्थानात रुपयांत वटणाऱ्या हुंड्या) विके, त्यांचे पौंड तेथेच राहत, आणि बिले वटवताना रुपये हिंदुस्थानच्या तिजोरीतून दिले जात. त्यामुळे मोठी निर्यात होऊनही तिची पूर्ण कमाई देशात येत नसे.

बंगाली वाचकांपर्यंत हा विचार नेण्यात मराठी कुळातील सखाराम गणेश देउस्कर यांचा वाटा मोठा. त्यांच्या ‘देशेर कथा’ (१९०४) या पुस्तकावर १९१० मध्ये बंदी आली.

निःसारणाच्या परिमाणावर मतभेद आहेत. अर्थशास्त्रज्ञ उत्सा पटनाईक यांनी १७६५ ते १९३८ या काळासाठी, व्याजासह, सुमारे ४५ लाख कोटी डॉलरचा अंदाज दिला. आर्थिक इतिहासकार तीर्थंकर रॉय यांच्या मते निःसारणात धरलेली बरीच देणी प्रत्यक्ष मिळालेल्या सेवांची होती.