गोव्यातली दारूविक्री: कायदा, भाव आणि स्पर्धा

गोव्यात दारू स्वस्त का, तर टॅक्स कमी म्हणून. हे उत्तर सगळ्यांना पाठ आहे, चुकीचंही नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं माल कोणी कोणाला विकायचा या नियमात दडलंय.

घटनेप्रमाणे दारू राज्यांच्या यादीत येते आणि 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हाही पिण्याची दारू बाहेरच ठेवली, त्यामुळे प्रत्येक राज्याची एक्साइज वेगळी, व्हॅट वेगळा, लेबल रजिस्ट्रेशनसुद्धा वेगळं. गोव्यात मुख्य कायदा 1964 चा.

आता बाकीची राज्यं बघा. तामिळनाडूत 2003 पासून रिटेल दुकानं टास्मॅकची, म्हणजे सरकारचीच. कर्नाटकात दुकानं खाजगी आहेत पण ठोक माल सरकारी महामंडळाकडूनच उचलायचा. गोव्यात मधे असं कोणी बसलेलं नाही. होलसेलर खाजगी, वायन शॉप खाजगी, फी भरा, लायसन्स घ्या, शाळा-देवळापासून 100 मीटरची अट पाळा आणि बसा गल्ल्यावर. मग होलसेलर पेटीमागे स्कीम देतो, दुकानदार त्यातलं थोडं गिऱ्हाईकाला सोडतो, आणि एकाच रस्त्यावर दोन दुकानांत त्याच बाटलीचा भाव वेगळा निघू शकतो. एमआरपी ही फक्त वरची मर्यादा. सरकारी दुकान एमआरपीच्या खाली कशाला येईल, बाजूला दुसरं आहेच कोण?

टॅक्सचा भागही लहान नाही म्हणा. 2023 मध्ये मद्य कंपन्यांच्या संघटनेने जी तुलना मांडली त्यात एमआरपीतला कराचा वाटा गोव्यात 49 टक्के, महाराष्ट्रात 71 आणि कर्नाटकात 83 होता (आकडे धंद्यातल्यांचेच, हे लक्षात ठेवून वाचावेत). हीच तफावत सीमेवर दिसते. बांदा, इन्सुली, दोडामार्गकडे ‘गोवा बनावटीची दारू’ पकडल्याची बातमी सिंधुदुर्गात कोणाला नवीन नाही, आणि जून 2025 मध्ये महाराष्ट्राने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरची ड्युटी उत्पादन खर्चाच्या 3 पटीवरून 4.5 पट केली तेव्हा चोरून नेणाऱ्याचं मार्जिन आपोआप वाढलं, त्याने काही न करता.

काजूच्या फळापासून गाळलेल्या फेणीचं गणित मात्र उलटं आहे. काजूच्या बागांचे झोन पाडून एक्साइज खातं गाळपाच्या हक्काचा लिलाव करायचं, म्हणजे भट्टी कोणाची लागणार हे हंगामाआधीच ठरलं, त्यामुळे बोंडू (काजूचं फळ) विकणाऱ्याला भावासाठी दहा दारं फिरायची सोय फारशी नव्हती. 2009 मध्ये काजू फेणीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, 2016 मध्ये गोवा सरकारने तिला देशी दारूच्या खान्यातून काढून हेरिटेज केलं. पण बाटली पत्रादेवीच्या, म्हणजे राज्याच्या सीमेच्या, पलीकडे गेली की तिला कुठल्या खान्यात बसवायचं आणि किती ड्युटी लावायची, ते पलीकडची एक्साइज ठरवते.