गॅबापेंटिन आणि कर्णनाद

गॅबापेंटिन आणि कर्णनाद : नसांच्या दुखण्यावर दिले जाणारे गॅबापेंटिन हे औषध आणि बाहेर आवाज नसताना कानात ऐकू येणारा आवाज (कर्णनाद) यांचा संबंध. या गोळीने कान वाजायचे थांबतात का, आणि या गोळीमुळेच ते वाजू लागले का, असे दोन उलट प्रश्न रुग्ण विचारतात. बहुतेकांच्या बाबतीत दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. मात्र दुसऱ्या प्रश्नाला थोडे अपवाद आहेत.

कर्णनाद ही जुनी ओळखीची तक्रार आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगितले आहेत. त्यांत कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड हे आवाजाचे दोन रोग वेगवेगळे मोजले आहेत. बोलण्यात लोक ‘कानात शिट्टी वाजते’, ‘रातकिडे ओरडतात’, ‘घूं घूं होतं’ असे सांगतात. अंतःकर्णातल्या सूक्ष्म केसपेशी वयाने किंवा गोंगाटाने झिजल्या की तिथून मेंदूकडे जाणारे संदेश कमी होतात. ती उणीव भरून काढायला मेंदूतली श्रवणकेंद्रे आपली संवेदनशीलता वाढवतात आणि माणसाला नसलेला आवाज ऐकू येतो, असे आज मानले जाते. पाय कापल्यावरही त्या पायात कळ येते, त्यासारखाच हा प्रकार. गॅबापेंटिनकडे कानाच्या डॉक्टरांचे लक्ष वळले ते याच साम्यामुळे : नसेची खोटी कळ जे औषध शमवते, ते नसेचा खोटा आवाजही शमवील, ही आशा.

अमेरिकेत हे औषध १९९३ मध्ये अपस्मारासाठी (फिट्ससाठी) मान्य झाले आणि २००२ मध्ये नागिणीनंतर उरणाऱ्या दुखण्यासाठी. नावात ‘गॅबा’ असले आणि रेणूची घडण मेंदूतल्या गॅबा या रसायनासारखी असली, तरी ते गॅबाच्या ग्राहींवर (पेशीवर रसायन जिथे चिकटते त्या जागांवर) काम करत नाही. चेतापेशींवरच्या कॅल्शियम वाहिन्यांच्या एका घटकाला ते चिकटते आणि दुखण्याचा संदेश पुढे नेणाऱ्या रसायनांचा स्राव कमी करते. प्रिगॅबालिन हे त्याचेच भावंड. आपल्याकडे दोन्ही औषधे मिथाइलकोबालामिनबरोबर (ब-१२ जीवनसत्त्वाबरोबर) एकाच गोळीत सर्रास मिळतात आणि ‘नसांची गोळी’ याच नावाने ओळखली जातात.

आशेची परीक्षा चाचण्यांत झाली. २००६ मधील एका लहान अभ्यासात, मोठ्या आवाजाच्या आघाताने कान वाजू लागलेल्या काही रुग्णांना थोडा आराम दिसला. २००७ मध्ये अमेरिकेत १३५ जणांवर झालेल्या चाचणीत मात्र निम्म्यांना खरी आणि निम्म्यांना औषध नसलेली गोळी दिली, तेव्हा दोन्ही गटांचा त्रास जवळपास सारखाच कमी झाला. हा निकाल नीट समजून घ्यायला हवा. गोळी घेऊन बरे वाटले असे सांगणारा खोटे बोलत नसतो, त्याला खरेच बरे वाटलेले असते. फक्त ते श्रेय औषधाचे नसते. गॅबापेंटिनने झोप येते, पायांची आग थांबते, आणि झोप लागलेल्या माणसाला कानातला आवाज कमी छळतो, हेही खरे. अपस्मारविरोधी औषधांच्या सात चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संशोधन-संस्थेच्या २०११ च्या आढाव्याला ठोस फायदा आढळला नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शिकेत कर्णनादासाठी ही औषधे सरसकट देऊ नयेत असे सांगितले. अपवाद आहे तो टाइपरायटरसारख्या तुटक टकटकीचा. श्रवणनसेवर रक्तवाहिनी टेकल्याने ती होते असे मानतात आणि तिला कार्बामॅझेपिन हे दुसरे अपस्मारविरोधी औषध अनेकदा लागू पडते.

आता उलट बाजू. गॅबापेंटिनच्या दुष्परिणामांच्या यादीत कर्णनाद आहे, पण नेहमीचे दुष्परिणाम म्हणजे चक्कर, गुंगी आणि पायांवर सूज. तरीही अनेकांना गोळी सुरू होताच कान वाजू लागल्यासारखे का वाटते, हे ठाणे-नवी मुंबईत सहज समजते. वागळे इस्टेट, कळवा, रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यात प्रेस, कॉम्प्रेसर, ग्राइंडर यांच्याजवळ तीस-तीस वर्षे उभे राहिलेले कामगार आता साठी ओलांडत आहेत. आठ तासांसाठी ९० डेसिबल ही कारखान्यांतली मर्यादा कागदावर आहे. गोंगाटाने आलेले बहिरेपण कायद्याने सरकारला कळवण्याच्या आजारांत मोडते. पण कान हळूहळू गेला आणि कुणी कळवले नाही, ही कथा घरोघरची, आणि तिची चीड यायला हवी. याच माणसाला मधुमेह असतो, पायांची आग होते, म्हणून ही गोळी सुरू होते. मधुमेहानेही ऐकू येणे कमी होते. दिवसभर रस्त्याच्या आणि लोकलच्या आवाजात लपलेला कर्णनाद रात्री दहानंतर उघडा पडतो, थंडीत पंखा बंद केला की आणखीच. दोष मात्र नव्या गोळीवर येतो.

नागीण कानात झाली तर त्याच आठवड्यात कान वाजू लागतो आणि तेव्हाच दुखण्यासाठी ही गोळीही दिली जाते. तिथे कारण नागीण असते. सोबत चालू असलेली इतर औषधेही पाहावी लागतात. भरपूर मात्रेतले अ‍ॅस्पिरिन कान वाजवते, लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड आणि जेंटामायसिन हे प्रतिजैविक कानाला इजा करू शकतात. गोळी सुरू केल्याची आणि आवाज सुरू झाल्याची तारीख वहीत लिहून ठेवली तर डॉक्टरांचे निम्मे काम होते.

गोळीवर संशय आला तरी ती एकाएकी बंद करू नये. अचानक सोडल्यास घाम, बेचैनी, निद्रानाश होतो आणि अपस्माराच्या रुग्णाला झटके येऊ शकतात. मात्रा डॉक्टर टप्प्याटप्प्याने उतरवतात. जुनी पट्टी दाखवून मेडिकलमधून स्वतःच घेणे, ही इथली सवय विशेष काळजीची आहे. हे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडते. रक्तातले क्रिएटिनिन वाढलेल्या, म्हणजे मूत्रपिंड मंदावलेल्या माणसात ते साचते, मग चक्कर आणि गोंधळलेपण येते. फुप्फुसांच्या जुनाट आजाराचे (सीओपीडीचे) रुग्ण, वृद्ध आणि ट्रामाडॉलसारखी अफूवर्गीय वेदनाशामके घेणारे यांना श्वास मंदावण्याचा धोका असल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये दिला.

कर्णनादाच्या तपासणीची सुरुवात ऑडिओमेट्रीने (ऐकू येण्याच्या चाचणीने) होते. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारख्या पालिका रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने आवाजही पुष्कळदा मागे सरतो. त्रासाशी जुळवून घ्यायला शिकवणाऱ्या समुपदेशनाचा आधार औषधांपेक्षा भक्कम आहे. रात्री मंद पंखा चालू ठेवणे हा घरचा उपायही तज्ज्ञांच्या ध्वनिउपचाराच्याच जातीचा आहे. आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठेक्यावर धडधडत असेल, तर तपासणी लांबवू नये. एका कानाचे ऐकू येणे एका रात्रीत गेले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, कारण त्यावरचे स्टेरॉइड पहिल्या दोन आठवड्यांतच खरे उपयोगी पडते.